बोर्ड कुठे लावायचा, हे कोण ठरवतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा ऑगस्ट किंवा दोन ऑक्टोबर उलटला की आपल्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते. अमुक गावची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब. बातमीच्या शेवटी कोणीतरी अधिकारी सांगतात की ग्रामस्थांमध्ये गावच्या कारभाराविषयी उदासीनता आहे. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावातला पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागची नावं आणि ग्रामपंचायतीचे यच्चयावत बोर्ड, यांवर माझं घर चाललं. राजकारण मला फारसं कळत नाही. अक्षर कुठून वाचलं जातं आणि कुठून वाचलं जात नाही, एवढं मात्र कळतं. तेवढ्या ज्ञानावर सांगतो की ही उदासीनता बरीचशी घडवलेली आहे. मुद्दाम घडवली असंही मी म्हणत नाही. कोणी विचारच केला नाही, म्हणून ती घडत गेली.

आमच्याच ग्रामसभेची नोटीस घ्या. सभेच्या आठवडाभर आधी ती लागते, त्यात खोट नाही. पण कशी लागते? कॉम्प्युटरवर बारीक टाइपात काढलेला एक कागद, पंचायतीच्या ओसरीत, काचेच्या पेटीत, कुलूप लावून. पेटी टांगली आहे माझ्या डोक्याच्याही वर आणि माझी उंची काही कमी नाही. तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर काचेवर नुसतं ऊन चमकतं. ग्रामसेवकांकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) दोन गावांचा कारभार, म्हणून ओसरीची जाळी रोज उघडतेच असं नाही. आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा की दहा फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर इंचभर उंच हवं. मराठीला त्याहून थोडी सैल जागा लागते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. त्या कागदावरचं अक्षर नाकाला काच लावली तरच वाचता येईल.

आणि गाव असतं कुठं? बायका सकाळी पाण्याच्या टाकीपाशी असतात. माणसं बसस्टँडवरच्या पानठेल्यावर. म्हातारे मारुतीच्या पारावर. धान्य आलं की अख्खं गाव रेशन दुकानासमोर तास-दोन तास उभं असतं आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहत राहतं. ती भिंत मी कैकदा डोळ्यांनी मोजून ठेवली आहे. यांतल्या एकाही जागी ग्रामसभेचा कागद लागत नाही. तो लागतो तिथं, जिथं गाव कामाशिवाय जात नाही आणि गेलं तरी लवकर निघायच्या घाईत असतं.

तारखांचंही तेच. एक मे रोजी आमच्याकडे पारा ४४-४५ वर असतो. पंधरा ऑगस्टला निंदण चालू असतं, दोन ऑक्टोबरला सोयाबीनची सोंगणी तोंडावर आलेली असते, सव्वीस जानेवारीला कापसाची वेचणी संपलेली नसते. ज्या बाईला दिवसाचा रोज मिळतो तिनं रोज पाडून दुपारी दोन वाजता पंचायतीत यावं आणि खुर्चीतल्या माणसानं 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' म्हटलेलं ऐकावं, अशी अपेक्षा आहे. नाही आली तर ती उदासीन. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्या असं कायदा म्हणतो. त्या रात्री जेवणं झाल्यावर घेऊ नका, असं तो कुठंही म्हणत नाही. आमच्या गावात भागवत सप्ताहाला रात्री साडेआठला माणसं दाटीवाटीनं बसतात, लेकरं मांडीवर घेऊन.

गणपूर्तीचा नियम तर पाहण्यासारखा आहे. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हवीत. तेवढी नसली की सभा तहकूब होते आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे पहिल्या सभेला शंभर लागतात, दुसरीला दहा चालतात. ज्याला दहांतच काम उरकायचं आहे त्यानं नोटीस कुठं लावावी, हे मी सांगायला नको.

आता बसण्याचं. ग्रामसभेच्या दिवशी बिछायत केंद्रातून प्लास्टिकच्या खुर्च्या येतात. पुढं टेबल, त्यावर शालीसारखं कापड, टेबलामागं सरपंच, सचिव, तलाठी आणि तालुक्याहून आलेले असतील ते साहेब. समोरच्या खुर्च्यांवर पुरुष. खुर्च्या संपल्या की बायका दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभ्या. माईक टेबलावर, त्याची वायर दोन हात. ज्याला बोलायचं त्यानं सगळ्यांसमोरून पुढं जायचं, साहेबांच्या तोंडासमोर उभं राहायचं आणि गावाकडे पाठ करून बोलायचं. माझ्यासारखा बोलका माणूस तिथं अडखळतो. दाराशी उभी असलेली मावशी कशाला पुढं येईल?

एका पावसाळ्यात सभागृहाचं छत गळायला लागलं म्हणून ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात घ्यावी लागली. खुर्च्या न्यायला कोणी नव्हतं. सतरंज्या टाकल्या आणि सगळेच खाली बसले, सरपंचसुद्धा. माईक नव्हता. त्या दिवशी एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "टाकीत पावडर कवा टाकली होती, ते सांगा अगुदर. आमच्या घरी दोघं हगवणीनं पडले हायेत." पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीचं रजिस्टर मागवावं लागलं. मग दुसरी बोलली, मग तिसरी. सभा दोन तास चालली. पुढच्या वेळी छत दुरुस्त झालं, खुर्च्या परत आल्या आणि सभा चाळीस मिनिटांत आटोपली. माणसं तीच होती.

हे मला नवं नव्हतं, कारण सेवाग्राम आम्हाला लांब नाही. बापू कुटीत जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे की आत बसायला चटया आहेत, बाकी फार काही नाही. भिंती मातीच्या, वर कौलं, भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननं मातीतच उठवलेली ताडाची झाडं. रंगाचा एक थेंब न लावता काढलेलं ते काम पाहून मी बराच वेळ तिथं उभा होतो. पण त्याहून जास्त लक्षात राहिली ती आतली उंची. बसलेल्या माणसाच्या मापानं सगळं केलेलं. ज्या काळात काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्याला भरत होती आणि जुलै १९४२ मध्ये इंग्रजांना देश सोडायला सांगणारा ठराव तिनं वर्ध्यातच केला, त्या काळात देशभरचे पुढारी या कुटीत येऊन चटईवर बसत. तिथं कोणाची खुर्ची कोणापेक्षा उंच, हा प्रश्नच उरत नव्हता. आमच्या जिल्ह्याच्या शेजारी हे असून आमच्या पंचायतीनं मात्र टेबल आणि शाल उचलली कलेक्टर कचेरीतून.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तर सगळ्यांना माहीत आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा लोक पाठ म्हणून दाखवतात. पण त्या गावानं घोषणेच्या आधी जे केलं ते कमी सांगितलं जातं. निर्णय बहुमतानं करायचा नाही, सर्वांच्या सहमतीनं करायचा. आणि निर्णयाच्या आधी विषय समजून घ्यायला अभ्यासगट वेगळा बसवायचा. म्हणजे सभेची रचनाच अशी की एक जण जरी 'मला पटलं नाही' म्हणाला तरी थांबावं लागतं. वेळ लागतो, हे खरं. पण २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं आणि पुढे आपला बांबू आपल्या परवान्यानं विकणारं ते गाव काही रिकामटेकड्यांचं नाही.

मला सगळ्यात नवल याचं वाटतं की मतदानाच्या बाबतीत याच देशानं असला विचार फार बारकाईनं केला होता. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत शंभरातल्या ऐंशीहून जास्त लोकांना वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर चिन्ह लावलं. कागदावर काहीच करायचं नाही, आपल्या चिन्हाच्या पेटीत तो टाकायचा. पुढे एकच मतपत्रिका आणि शिक्का आला. त्या शिक्क्याची फुली माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. टोकं एका बाजूला वळलेली. तिची गंमत अशी होती की ओल्या शाईवर कागदाची घडी पडली आणि समोरच्या चिन्हावर छाप उमटला, तर तो उलट्या दिशेला वळलेला दिसायचा. मोजणाऱ्याला कळायचं की खरा शिक्का कुठला आणि डाग कुठला. साधी गोल टिकली ठेवली असती तर असल्या मताचं काय करायचं, यावर प्रत्येक टेबलावर भांडण लागलं असतं. ज्याला हे सुचलं त्यानं शाई, कागद आणि घाबरलेल्या माणसाचा हात, तिन्ही पाहिले होते.

चिन्हांचं तर मी स्वतः खाल्लं आहे. फ्लेक्स यायच्या आधी निवडणूक म्हणजे आमची दिवाळी. कपबशी दहा मिनिटांत व्हायची, छत्रीलाही फार वेळ लागत नसे, रोडरोलर आला की अर्धा दिवस जायचा. आचारसंहिता लागली की त्याच भिंती चुन्यानं पुसायचं काम तहसीलकडून मिळायचं, म्हणजे लिहायचे पैसे वेगळे आणि पुसायचे वेगळे. या चिन्हांतली बरीचशी चित्रं निवडणूक आयोगात नक्षाकार म्हणून नोकरी करणाऱ्या एम. एस. सेठी यांनी पेन्सिलीनं काढलेली. ते १९९२ मध्ये निवृत्त झाले, चित्रं अजून चालू आहेत. लांबून ओळखू यावी, आत रेघांचा गोंधळ नसावा आणि अंगठ्याएवढी लहान केली तरी मोडू नये, या तीन कसोट्यांवर ती उतरतात. कसोटी सुटली की काय होतं तेही २०२४ मध्ये लोकसभेला साताऱ्यात दिसलं. एका पक्षाच्या चिन्हात तुतारी वाजवणारा माणूस होता, एका अपक्षाच्या चिन्हात नुसतं तसलंच वाद्य. अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली आणि विजयी उमेदवाराचं मताधिक्य ३२ हजारांवर होतं. ती सगळी मतं चुकून पडली असं कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण बोटाच्या पेराएवढ्या दोन चित्रांवरून एका मतदारसंघात एवढा वाद व्हावा, यातून चित्राची ताकद कळते.

मतदान यंत्रही असंच विचारानं घडलेलं आहे. त्याचं बाहेरचं रूप ठरवण्यात आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्राचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवैया यांचा हात होता. केरळातल्या परूरमध्ये १९८२ साली यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं. यंत्र चांगलं की वाईट, या वादात मला पडायचं नाही, त्यासाठी आपल्या पानांवर रोज माणसं आहेत. मी फक्त बटण पाहतो. निळं बटण, शेजारी लाल दिवा, वर नाव, चिन्ह, २०१५ पासून उमेदवाराचा फोटो, आणि अंध मतदारासाठी बटणालगत ब्रेलमध्ये आकडा. 'वरीलपैकी कोणीही नाही' म्हणायचं असेल त्याच्यासाठीसुद्धा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडून चिन्ह करून घेतलं.

आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकाच बाईला सरपंच आणि प्रभागातले दोन-तीन सदस्य अशी अनेक बटणं दाबायची असतात. म्हणून मतपत्रिकेचे रंग वेगळे: सरपंचाची फिकी निळी, सर्वसाधारण जागेची पांढरी, अनुसूचित जातीची फिकी गुलाबी, जमातीची फिकी हिरवी, मागास प्रवर्गाची फिकी पिवळी. रंग फिके का, हे पेंटरला विचारा. गडद रंगावर काळं अक्षर दबतं. तरी प्रत्येक निवडणुकीत एखादी बुढी एक बटण दाबून निघते आणि मागून आवाज येतो, "आजी, अजून बटणं राह्यली!" खोलीत उजेड कमी, पुठ्ठ्याचा आडोसा टेबलावर ठेवलेला आणि टेबल शाळेतलं उंच. इतकं करूनही त्रुटी राहतेच. पण निदान कोणीतरी तिचा विचार करायला बसलं होतं.

मग माझा प्रश्न असा की पाच वर्षांतल्या एका दिवसासाठी एवढी काळजी, आणि उरलेल्या सगळ्या दिवसांसाठी काचेची पेटी आणि कुलूप?

बायकांचंच उदाहरण देतो. त्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच यादीत आलं होतं. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं. एक रकाना सक्तीचा केला आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत बायकांना नाव सांगावं लागलं. आता आमच्या पंचायतीत या. महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सरपंच बाई निवडून आली की मला बोर्ड रंगवायचं बोलावणं येतं. नाव बाईंचं, आणि खाली मोबाइल नंबर लिहायला दिला जातो तो त्यांच्या मालकांचा. मी हे एकाच गावात नाही, पुष्कळ गावांत रंगवलं आहे. एकदा मी विचारलं, "बाईंचा नंबर नाही का?" उत्तर आलं, "आहे ना, पण काम पडलं तर मलाच पाहा लागते." ज्या गावकऱ्यानं त्या बोर्डावरून फोन लावला त्याच्यासाठी सरपंच कोण झालं? बाईंचं नाव मी पिवळ्या रंगात सहा इंचांचं काढलं होतं. दहा आकडे तेवढे दुसऱ्याचे.

लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. कोणता दाखला किती दिवसांत, किती फीत, कोणाकडून मिळेल आणि नाही मिळाला तर अपील कोणाकडे, हे कार्यालयात बोर्डावर लावलंच पाहिजे. कायदा चांगला आहे. त्याचा बोर्ड मी एका ठिकाणी रंगवला. सहा-सात रकाने, मजकूर सरकारी, जागा ठरवलेली साहेबांच्या खुर्चीच्या बरोबर मागच्या भिंतीवर. फी किती आहे हे वाचायचं तर साहेबांच्या डोक्यावर नजर रोखून पाच मिनिटं उभं राहावं लागेल. कोणी राहतो का? मी सुचवलं की बाहेर रांग लागते त्या भिंतीवर काढू. ते म्हणाले, "बाहेर पावसानं खराब होते." ऑइल पेंटचं काम आहे ते, सहा पावसाळे काढतं.

आता जे सांगायचं म्हणून हे पत्र लिहायला बसलो ते.

काही वर्षांमागे गावात एका गल्लीत सिमेंट रस्ता झाला. कामावर माहिती फलक लावायचा म्हणून मला बोलावलं. मजकुराचा कागद नेहमीचाच होता. वर मोठ्या अक्षरात मान्यवरांची नावं, मग योजनेचं नाव, मग 'अंदाजपत्रकीय रक्कम रु. इतके लक्ष', खाली तारखांच्या रिकाम्या जागा. त्या वेळी बचत गटातून निवडून आलेल्या एक सदस्या तिथं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पेंटरभाऊ, रस्ता किती लंबा, किती रुंद अन् किती जाड, हे बी लिहा ना. लक्ष वाचून आमाले काय समजते?" अंदाजपत्रकात आकडे होतेच. मी लांबी लिहिली, रुंदी ३ मीटर लिहिली, जाडी १५ सेंटिमीटर लिहिली. एवढं लिहायचं तर नावांची ओळ लहान करावी लागली. जागाच नव्हती. (थोडी जागा होती, पण पेंटर मी होतो.) बोर्ड लागला गल्लीच्या तोंडाशी, नळाजवळ, छातीच्या उंचीवर.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सहावी-सातवीतली पोरं कंपासपेटीतली पट्टी घेऊन रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली. ती पट्टी नेमकी पंधरा सेंटिमीटरची असते. कडेनं मुरूम भरायचा बाकी होता, त्यामुळे जाडी उघडी दिसत होती. एका टोकाला पट्टी काँक्रीटच्या बरोबरीनं बसायची. दुसऱ्या टोकाला ती तीन बोटं वर निघायची. पोरांनी आरडाओरड केली, नळावरच्या बायका आल्या, मग पानठेल्यावरची माणसं आली, कोणी दोर आणला, कोणी सुताराकडचा टेप. अर्ज नाही, माहितीचा अधिकार नाही, पेपरात बातमी नाही. ठेकेदार आला, त्यानं पाहिलं आणि शेवटचा तुकडा फोडून पुन्हा टाकून दिला. पुढच्या ग्रामसभेला गणपूर्ती झाली. रस्त्याचं बिल हा विषय होता आणि मापं सगळ्यांना तोंडपाठ होती.

अलीकडे दुसऱ्या गल्लीत नालीचं काम निघालं. बोर्डाचा कागद आला त्यात मापं नव्हती. विचारलं तर म्हणाले, बोर्डावर जागा नाही. बोर्ड पहिल्यापेक्षा मोठा होता.

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे आणि त्याचं चौथं कलम म्हणतं की कार्यालयानं बरीचशी माहिती मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करावी. सरकारी वेबसाइटवर गावाचा आराखडा आणि खर्च आहेही. माझ्या पोरानं मोबाइलवर काढून दाखवला. त्यात कामांची यादी होती, रकमा होत्या, पण ज्यावरून नळावरच्या बाईला काही पडताळून पाहता येईल असं काही सापडलं नाही. रक्कम लाखांत सांगितली की माणूस मान हलवतो. माप सांगितलं की तो मोजायला जातो. आमच्या भागात शेत काठीनं आणि पावलांनी मोजणारी माणसं आहेत, त्यांना तीन मीटर काय ते समजावून सांगावं लागत नाही.

फ्लेक्सबद्दल थोडं लिहितो, कारण त्यात माझा स्वार्थ आहे आणि तो लपवायचं कारण नाही. फ्लेक्सवर चेहरे मावतात म्हणून फ्लेक्स चालतो. एका उन्हाळ्यात तो फाटतो आणि मग तुरीच्या गंजीवर नाहीतर बकऱ्यांच्या गोठ्यावर जातो. तिथं त्याचा खरा उपयोग होतो, हेही कबूल. पण त्यावर लिहिलेली माहिती गोठ्यावर कोण वाचणार?

गटविकास अधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेला माझं एवढंच म्हणणं आहे. गावात जिथं माणसं थांबतात अशा जागी, म्हणजे रेशन दुकान, पाण्याची टाकी, बसस्टँड इथं, भिंतीवर एक कायमचा काळा फळा रंगवून घ्यावा. 'पुढची ग्रामसभा', तारीख, वेळ आणि विषय असे रकाने ऑइल पेंटात, आकडे खडूनं शिपायानं भरायचे. विषयांत 'ऐनवेळचे विषय' एवढंच लिहून भागवू नये. कामाच्या प्रत्येक बोर्डावर लांबी, रुंदी, जाडी किंवा खोली आलीच पाहिजे, आणि ती नावांपेक्षा मोठ्या अक्षरात. सरपंच बाई असतील तर नंबर त्यांचाच. सभा संध्याकाळी, सतरंजीवर. आणि बोर्ड पक्का करायच्या आधी मजकूर खडूनं लिहून चौथीतून शाळा सोडलेल्या एखाद्या माणसाकडून वाचून घ्यावा. तो जिथं अडखळेल तिथला शब्द बदलावा. मी पाट्यांच्या बाबतीत हे नेहमी करतो, दुकानदार त्याला पैसे खुशीनं देतात.

महिलांची सभा नियमित ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते, हेही या निमित्तानं कोणीतरी मोठ्या अक्षरात लिहावं. आमच्या गावात ती बऱ्याचदा रजिस्टरमध्येच होते, घरोघर सह्या फिरवून.

आणि आपल्याला एक विनंती. ग्रामसभा तहकूब झाल्यावर बातमी देता, त्याऐवजी सभेच्या आधी आठ दिवस तालुक्यातल्या गावांच्या तारखा आणि विषय जिल्हा पानावर द्या. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिराती जिथं येतात त्या पानावर चालेल, ते पान आमच्याकडे सगळ्यात आधी उघडलं जातं. फक्त टाइप थोडा मोठा ठेवा. पानठेल्यावर पेपर एकच येतो आणि तो चार जण एकदम वाचतात.

माझं नाव छापू नये. नालीचा बोर्ड अजून रंगवायचा आहे.

आपला,
एक पेंटर
ता. दारव्हा, जि. यवतमाळ